चौरंगावरचा साक्षीदार

सोलापुरात पद्माक्का येमूल चादरींची नक्षी काढायच्या. बारा वर्षांतले सगळे मोर, सगळ्या वेली एकाच कॉम्प्युटरात, आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर तोच बंद पडला! कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेल्या, तर मॅनेजर दांडगेसाहेबांनी त्याच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. "सात वर्षांपुढच्या मशीनचे पार्ट आमच्याकडे नसतात. नवा घ्या!"

अक्का घरी परतल्या. पण खंडेनवमीला कॉम्प्युटर रिक्षात घालून पुन्हा हजर! सेंटरात पूजा रंगात आली होती. चौरंगावर झेंडूचा हार घालून कंपनीचा एक जुना कॉम्प्युटर चालू ठेवला होता. आणि काय सांगावं, अक्कांचंच मॉडेल! साहेब जमलेल्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत होते, "बारा वर्षं झाली, अजून घोड्यासारखा पळतोय!"

"साहेब, हा सात वर्षांनंतर कधी बिघडला होता का हो?" अक्कांनी विचारलं.

साहेब बोलणार, तोच अक्का म्हणाल्या, "जपून सांगा! बिघडलाच नाही म्हणालात, तर त्याच्या या जुळ्या भावात मुळातच खोट होती, आणि तो तुम्ही मला विकलात. बिघडला होता म्हणालात, तर दुरुस्तीचे पार्ट तुमच्याकडे आहेत. बोला, काय खरं?"

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी घाम पुसला आणि मेकॅनिकला म्हणाले, "आतल्या कपाटात बघा जरा."

तासाभरात अक्कांचे मोर पडद्यावर नाचू लागले! निघताना त्यांनी चौरंगावरच्या कॉम्प्युटरला हात जोडले.

"एवढ्या मोठ्या सेंटरात खरं बोलला, तो हा एकटाच."