खाडीच्या पाण्याचं भाडं

खर्र… छप्पाक! खर्र… छप्पाक!

लाकडी मचव्याच्या तळाशी साचलेलं पाणी नारळाच्या करवंटीनं उपसून बाहेर टाकतानाचा हा आवाज. लहानपणी कानांत शिरला, तो अजून निघालेला नाही. ही गोष्ट त्याच आवाजाची.

लखू तांडेल मोठ्या पेचात सापडला होता. बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून तो शिडाचा मचवा घेऊन सासूबाईंना, आवडाईंना, आणायला गेला. परतताना वारा नेमका तोंडावर! पुढं जाता येईना. कुठंतरी नांगर टाकायला हवा, आणि तोही परवडेल अशा जागी. पहिल्या खाडीत फुकट राहता येत होतं, पण तळाशी नुसता कातळ, नांगर धरेना. दुसरीत वाळू छान होती, पण गावकरी देवीच्या नावानं रोज एक कोंबडा मागत. अखेर त्यांनी कातळगडच्या खाडीत नांगर टाकला. जागा अशी की, बाहेर तुफान असलं तरी होडीतला दिवा विझू नये!

पण या खाडीचे मालक राजे हैबतराव. हट्टी आणि चिक्कू. त्यांच्या नाकेदारानं, सुबरावानं, येताक्षणी मचव्याचं सुकाणू काढून खांद्यावर टाकलं.

"रात्रीला पाच नारळ! भाडं द्या, सुकाणू न्या."

मचव्यात नारळ होते तीन, तेही बाळंतिणीसाठी आणलेले. चार रात्री गेल्या आणि वारा फिरला. घराच्या दिशेनं असा सुंदर वारा सुटला, पण सुकाणूच नाही तर मचवा वळणार कसा? लखू डोक्याला हात लावून बसला. आवडाई मात्र करवंटीनं पाणी उपसत होती.

"सासूबाई, तिकडं ती एकटी आहे हो!"

"म्हणून तर म्हणते, उठा जावईबापू. राजाकडं जाऊ."

"ते कुणाचं ऐकत नाहीत. सख्ख्या मेहुण्याकडूनही त्यांनी भाडं घेतलं."

"मेहुण्याबरोबर सासू नसेल आली!" आवडाई म्हणाली आणि करवंटी कमरेला खोचून निघालीसुद्धा.

हैबतराव धक्क्यावर छत्रीखाली बसून खाडीतल्या होड्या मोजत होते. हा त्यांचा आवडता छंद. भोवती खलाशी आणि गावकरी उभे होते.

"काय गं म्हातारे, नारळ आणलेस?"

"नाही सरकार. लेकीचं बाळंतपण आहे. सुकाणू द्या, बारशाला पेढे पाठवीन."

"पेढ्यांवर खाडी चालत नाही! या हाताला घेणंच ठाऊक आहे. आजवर मी कुणाचं काही देणं लागलो नाही." राजांना आपलंच बोलणं फार आवडलं. ते पुढं म्हणाले, "असं करू. मी तुझं देणं लागतो, हे सिद्ध करून दाखव! केलंस, तर सुकाणू परत. नाही केलंस, तर मचवाही माझा!"

लखूचा चेहरा पांढराफटक पडला. "सासूबाई, नको!"

"थांबा हो. सरकार, आधी एक सांगा. या खाडीतलं पाणी कुणाचं?"

"माझं!"

"सगळं? त्या खारफुटीच्या मुळांतलंसुद्धा?"

"सगळं! एकेक थेंब माझा!" राजे गरजले.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आवडाईनं मागं वळून विचारलं. खलाशांनी माना डोलावल्या. "मग चला सरकार, मचव्यात डोकावून बघा."

राजे कुतूहलानं धक्क्याच्या कडेला आले. तळाशी घोटाभर पाणी डुचमळत होतं.

"हे पाणी कुठलं?" आवडाईनं विचारलं.

"खाडीचं. फळ्यांच्या सांध्यांतून येतं. लाकडी होडीत येतंच."

"म्हणजे तुमचं! आमचा मचवा तुमच्या पाण्यात चार रात्री राहिला, तसं तुमचं पाणी आमच्या मचव्यात चार रात्री राहिलं. न विचारता आलं! बाहेर काढावं तर पुन्हा आत येतं. असा निगरगट्ट पाहुणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

खलाशी खुसखुसले. राजे गडबडले. "बरं बरं! तुझं भाडं माझ्या भाड्यात वळतं. फिटंफाट!"

"फिटंफाट कसं? तुमचाच दर लावू. एका पाहुण्याला रात्रीचे पाच नारळ. आमचा मचवा एक. तुमचे थेंब किती?" तिनं कमरेची करवंटी काढून राजांपुढं धरली. "एकेक थेंब माझा, असं आपणच म्हणालात. घ्या मोजायला! होड्या मोजायची सवय आहेच."

"ते पाणी माझं नाही!" राजे ओरडले.

"नाही? मग खाडीतलं तरी तुमचं कसं? तेच इकडून तिकडं जातं! आणि पाणीच तुमचं नसेल, तर भाडं कसलं?"

राजांनी करवंटीकडं पाहिलं, मग खाडीभर पसरलेल्या पाण्याकडं पाहिलं. आणि एकदम पोट धरून हसू लागले! छत्री धरणारा हसला, खलाशी हसले. हसता हसता राजे दगडावर टेकले.

"हरलो, आवडाबाई! थेंबाला पाच नारळ दिले, तर गडासकट मी तुझा! सुकाणू न्या. आणि वारा उलटा असेल तेव्हा शिडाच्या कुठल्याही होडीला या खाडीत भाडं नाही!" मग डोळे पुसत ते कोठीवाल्याला म्हणाले, "अरे, यांना डबाभर राळ आणि तेल द्या. ते सांधे आत्ताच्या आत्ता बुजवा! माझं पाणी पुन्हा कुणाकडं मुक्कामाला जाता कामा नये!"

"आणि नारळ?" आवडाईनं विचारलं.

"अजून नारळ?"

"बाळंतिणीला, सरकार."

राजे पुन्हा हसले. "द्या! गोणभर द्या!"

एवढ्यात सुबराव नाकेदार आला. सुकाणू त्याच्या खांद्यावर होतं. त्यानं ते मचव्यात उतरवलं, आपल्या हातानं जागेवर बसवलं आणि एकदा हलवून पाहिलं. तळातलं पाणी त्याच्या पायांवर चढलं होतं. त्यानं धक्क्यावर येऊन दोन्ही पाय नीट झटकले, शेवटचा थेंबसुद्धा खाडीत पडला याची खात्री केली, आणि मगच चालू लागला.