सोन्याची दांडी आणि आंब्याची फांदी

वेणुवती नगरीत सुतेज राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वांनी फुलटोच्या या चिमुकल्या पक्ष्याचा देह धारण केला होता. तिथल्या वनात फुलटोच्यांची दोन कुळे नांदत. दोन्ही राखाडी, दोन्ही अंगठ्याएवढी. भेद काय तो चोचीचा. बोधिसत्त्वांच्या कुळाची चोच जाड, दुसऱ्याची बारीक. अन्न मात्र एकच, बांडगुळाची चिकट फळे.

एके वर्षी राजाचे आम्रवन बांडगुळाने सुकू लागले. बांडगुळाच्या बिया हे पक्षीच झाडोझाडी पसरवतात, असे म्हणून उद्यानपाल कुंजलाने दोन्ही कुळे जाळ्यात धरली. अपराध सिद्ध झाल्यावाचून कोणत्याही जिवाला दंड नाही, असा त्या राज्याचा नियम होता. म्हणून त्यांना दोन सोन्याच्या पिंजऱ्यांत ठेवून फळे दिली. बारीक चोचीच्यांनी ती अख्खी गिळली. त्यांच्या विष्ठेतल्या बिया चिकट तंतूंनी दांडीला लोंबकळल्या. जाड चोचीच्यांनी गर खाऊन बी लागलेली चोच दांडीला पुसली. त्यांच्या बिया गुळगुळीत दांडीवरून घसरून पडल्या.

कुंजल म्हणाला, "महाराज, जाड चोचीचे निर्दोष. बारीक चोचीच्यांचा वंशच संपवावा."

जाड चोचीच्यांच्या पिंजऱ्याचे दार उघडले गेले. बोधिसत्त्व जागचे हलले नाहीत.

शेजारच्या पिंजऱ्यातून बारीक चोचीची सूचिका म्हणाली, "दादा, चोचीने तुम्हाला वाचवले. आता ती मिटा आणि उडा!"

"महाराज, आंब्याची एक फांदी मागवावी," बोधिसत्त्व म्हणाले.

कुंजल हसला. "अंगठ्याएवढा जीव, आणि राजाला कामाला लावतो!"

फांदी आली. बोधिसत्त्वांनी फळाचा गर खाल्ला आणि चोच सालीवर घासली. बी तिथेच घट्ट बसली.

"सोन्यावर आमची बी ठरत नाही, खरबरीत सालीवर ठरते. दोष असेल तर तो दोन्ही कुळांचा."

"मग दोघांनाही मरण!" राजा गरजला.

"मारल्याने झाडावरचे बांडगूळ गळणार नाही. ते फळण्याआधी छाटावे. जिथे फळ नाही, तिथे आम्ही येत नाही."

राजाने कुंजलाकडे पाहिले. त्याची मान खाली गेली. "तीन वर्षे झाडांवर कोयता चालवला नाही, महाराज."

राजा म्हणाला, "उघडे दार सोडून जो स्वतःविरुद्ध साक्ष देतो, त्याचा शब्द मला प्रमाण आहे." दोन्ही पिंजरे रिकामे झाले. कुंजल त्याच दिवशी कोयता घेऊन झाडावर चढला.

आपल्या पूर्वजन्मीचे हे वृत्त सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, सुतेज राजा तो आजचा स्थविर धृतिमान, कुंजल तो भिक्षू नंदिक, सूचिका ती भिक्षुणी श्यामला, आणि तो जाड चोचीचा पक्षी मीच होतो."

जे सत्य आपल्याच प्राणावर बेतते, ते दुसऱ्याच्या प्राणासाठी उच्चारणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता होय.