मोहसरीचा होकार

मोहसरी गावात ठरावाला हात वर करत नाहीत. ज्याला मान्य असेल तो उठतो आणि तळ्याच्या पाळीपर्यंत चालत जातो. शेवटचा माणूस पोहोचला की ठराव पक्का. आम्ही तळे पाहायला गेलो, तेव्हा गावातले वृद्ध अंताराम डोंगरवार यांनी यामागची हकिकत सांगितली.

"हात वर व्हायला काय लागते जी, खाज सुटली तरी होतो," ते हसून म्हणाले. "पाय उचलायला मन लागते."

पूर्वी इथे तळे नव्हते. धान पोटरीवर येई, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असत, आणि पाऊस पाठ फिरवी. लागोपाठ तीन वर्षे असे झाले, तेव्हा गावाने तळे बांधायचे ठरवले. त्याजोगी खोलगट जागा एकच, बिरजाबाईचे शेत. पाटलांनी तिला भरसभेत विचारले. ती खाली पाहत राहिली. गप्प आहे म्हणजे होच, असे समजून मंडळी गूळ वाटून घरी गेली म्हणे.

सकाळी गावातला गणबा खोदकामासाठी कुदळ घेऊन शेतात आला, तर मोहाच्या झाडाखाली बिरजाबाई बसलेली.

"बाई, काल बोलली काहून नाहीस?"

"काल कोणी थांबलं होतं का ऐकायला?"

त्या झाडाखाली तिची चार वर्षांची तानी पुरलेली होती. "पाणी मलाही पाहिजे," ती म्हणाली. "पण पोरीला पाण्याखाली ठेवून एकटीनं उठवत नाही मला."

गणबाने कुदळ खाली ठेवली आणि तो तिच्याजवळ बसला. पाटील धावत आले. "अरे, मिरग आठ दिवसांवर आला!"

"मग आठ दिवस बसू," गणबा म्हणाला.

हळूहळू सारे गाव येऊन बसले. कोणी आंबील आणली. तानी चिंचा कशी चोरायची, कोणाच्या बकरीला नावाने हाका मारायची, ज्याला जे आठवले ते त्याने सांगितले. बिरजाबाई ऐकत होती. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन उठली, पाळीच्या खुणेपर्यंत चालत गेली आणि मातीची पहिली टोपली तिने टाकली. गाव तिच्या मागून, तिच्याच चालीने गेले. त्या साली धान घरात आले, असे सांगतात.

आजही ठरावाच्या वेळी कोणी बसून राहिले, तर गाव त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसते.

"मागल्या साली माझ्याजवळ बसले जी," अंताराम म्हणाले. रस्त्यासाठी फणस तोडायचा होता. तो त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेला.

"किती दिवस?" मी विचारले.

"नऊ. रोज कोणी ना कोणी तिची एखादी गोष्ट सांगे. काही तर मलाही ठाऊक नव्हत्या. उपकार आहेत जी गावाचे. दहाव्या दिवशी मी उठलो."