विसाव्याला ठेवलेला उतार

फार पूर्वी, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या एका गावात म्हशी आणि रेडे पाळणारी माणसं राहत. जमीन खडकाळ, पीक जेमतेम. दूध आणि मांस यांवरच त्यांचं पोट चाले. म्हणून गावाने एक नेम केला होता. एका उतारावर गुरं चरली की तिथलं गवत पुन्हा गुडघ्याएवढं होईपर्यंत तो उतार विसाव्याला ठेवायचा. शेणाने जमीन कसदार होई, गवताची मुळं माती धरून ठेवत. आणि जनावर कापलं की पहिला वाटा आजारी माणसाच्या नाहीतर बाळंतिणीच्या घरी जाई.

या गावातल्या गोंदाजीला मात्र सगळ्यांत मोठा कळप आपलाच असावा असं वाटे. त्याने गुरं वाढवत नेली. चारा पुरेना. एकदा गाव लग्नाला गेलं असताना त्याने गुरं विसाव्याच्या उतारावर घातली. मग चोरून नेतच राहिला. गवत मुळापासून गेलं, आणि पावसाळ्यात उघडी माती ओढ्याला मिळाली.

उन्हाळ्यात सगळे तिथे गुरं घेऊन गेले, तर नुसते दगड.

"इथं कुणी गुरं घातली होती का?" पाटलाने विचारलं.

"हरणांनी खाल्लं असेल," गोंदाजी म्हणाला. सगळ्यांना ते पटलं.

गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या. दूध आटलं. शेजारची ठमाबाई नुकतीच बाळंत झाली होती. अशक्तपणाने पांढरीफटक पडली होती. तिच्या नवऱ्याने रेडा कापला, पण हाडांवर मांस म्हणून नव्हतंच. तरी ती झाकलेलं भांडं घेऊन गोंदाजीच्या दारात आली.

"चांगुणाला दिवस गेलेत ना? तिला रस्सा करून द्या, भावजी. अंगात रक्त भरेल."

"आणि तुम्हाला?"

"पुरेल मला."

बायकोसाठी आणलेलं ते भांडं घ्यायला गोंदाजीचा हात पुढे होईना. खाली बघत तो म्हणाला, "वहिनी, हे परत न्या. तो उतार हरणांनी नाही, माझ्या गुरांनी खाल्ला."

ठमाबाई भांडं उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "यात चांगुणाचा काय दोष?" आणि निघून गेली.

गोंदाजी तसाच चावडीवर गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. त्याने कळप निम्मा केला, मांस घरोघर वाटलं, उतारावर दगडांचे बांध घातले. काही वर्षांनी खालच्या अंगाला गवत आलं. वरचा भाग उघडाच राहिला.

त्याला कुणी रागाने एक शब्द बोललं नाही. बोललं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. ठमाबाई समोरून आली की तो मान खाली घालून रस्त्याच्या कडेला होई.

तात्पर्य इतकंच: विसाव्यातल्या जमिनीचा घास चोरला, की तो दुबळ्याच्या ताटातून कमी होतो.