कुलूपगडाची कोठी

पिंपळदऱ्याहून सरळ चढून गेलं की कुलूपगडाचा माथा लागतो. तट ढासळलेला, वाड्यांची जोती तेवढी गवतात उरलेली. उभी आहे ती एकच कोठी. काळ्या दगडाची, एकही खिडकी नसलेली. दाराला लोखंडी पत्रा मारलेला आणि त्यावर नारळाएवढं कुलूप. गंजून गंजून ते दाराशी एकजीव झालं आहे. गड पाहायला येणारे त्याला हात लावतात, हलवून बघतात आणि आत काय असेल म्हणून विचारतात.

खालच्या गावातल्या महादेवाचे पुजारी रामलिंग गुरव मग कोठीच्या पायरीवर टेकतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात.

"तलवारी आहेत," ते म्हणतात. "भाले आहेत, बर्च्या आहेत. यातली एकही बाहेर आली नाही. आणि तरी गड ओस पडला."

खालच्या गावात कोणत्याही घरात मुसळ भिंतीला टेकवून उभं ठेवत नाहीत. कांडण झालं की आडवं निजवतात. नव्या सुनेनं माहीत नसल्यानं उभं ठेवलंच, तर सासू रागावत नाही. स्वतः उठते आणि आडवं करते. हे असं का, तेही गुरव तिथंच बसून सांगतात.

त्या काळी गडाला दुसरं नाव होतं म्हणे. राजानं ते वेशीवरच्या शिळेत खोल कोरून घेतलं होतं. आज ते नाव कोणाला ठाऊक नाही, राजाचंही नाही. नाव राहिलं ते त्याच्या पुराणिकाचं. अनंतभट.

अनंतभटाचा गळा असा, की चातुर्मासात त्यानं पोथी उघडली की पहारेकरीसुद्धा भाला भिंतीला लावून ऐकत उभे राहायचे. घरात बायको भागीरथी आणि एकुलता एक मुलगा मोरेश्वर. गावात कोणाचं कोणी गेलं की अनंतभट त्या घरी जाऊन बसायचा. "नारायणाची इच्छा," म्हणायचा. "तो पाहतो ते आपल्याला दिसत नाही." त्याच्या तोंडून ऐकलं की माणसं रडायची थांबत. मग तो घरी येऊन हातपाय धुवायचा आणि पोटभर जेवायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याचा खरोखरच विश्वास होता.

राजाही वाईट नव्हता, असं सांगतात. त्यानं विहिरी खोदल्या, दुष्काळात धान्याची पेवं उघडली. हुशार होता, कोणतीही गोष्ट मुळाशी जाऊन समजून घ्यायची त्याला सवय. त्याला दोन राण्यांचे दोन मुलगे. दोघे शूर, पण एकमेकांचं तोंड पाहत नसत. राजाला आयुष्यात एवढा एकच घोर होता.

एका चातुर्मासात सदरेवरचं वाचन यादवांच्या शेवटाशी आलं. यादवांच्या पोरांनी ऋषींची थट्टा केली, ऋषींनी शाप दिला, लोखंडाचं मुसळ जन्मलं. ते कुळाचा नाश करणार म्हणून त्यांच्या राजानं त्याचा कीस करून समुद्रात टाकला. त्या किसाचीच काठावर लव्हाळी उगवली आणि तीच उपटून यादव एकमेकांना मारत सुटले. सगळं कूळ संपलं.

राजा पुढं सरकून बसला. "भटजी, देव स्वतः त्यांच्यात होता ना?"

"होता, महाराज."

"त्याला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग थांबवलं का नाही?"

"त्यानं थांबवायचं नाही असं ठरवलं, महाराज. वेळ आली होती."

राजानं मान हलवली. "वेळ बिळ नाही. त्यांनी चूक केली. लोखंड समुद्रात टाकलं म्हणजे नजरेआड केलं. नजरेआड करायचं नसतं, कुलपात ठेवायचं असतं."

शेजारी दिवाण त्र्यंबकपंत बसले होते. ते मोठं शास्त्र शिकलेले. "महाराजांनी नेमकं हेरलं," ते म्हणाले. "पोथ्या वाचायच्या त्या अशा. पूर्वीचे चुकले ते आपण सुधारायचं."

अनंतभटाला राहवलं नाही. "महाराज, हा अध्याय उपाय सांगत नाही."

"मग कशाला सांगतो?"

"ऐकण्यासाठी," अनंतभट एवढंच म्हणाला, आणि सदरेवरची माणसं हसली.

त्याच वर्षी ही कोठी बांधली गेली. गडावरच्या सगळ्या तलवारी, सगळे भाले आत गेले. पहारेकऱ्यांच्या हाती नुसत्या शिंगांशिवाय काही राहिलं नाही. शत्रू आला तर तो दुरूनच दिसेल, तेव्हा कोठी उघडायची; ती राजासमोर आणि दोन्ही मुलांसमोर. एरवी भावाभावांत कितीही पेटलं तरी हाती धरायला पातं नसेल. यादव दारूच्या नशेत भांडले होते, म्हणून दारूही गडावर चढू द्यायची नाही असं ठरलं. राहता राहिली चावी. ती कोणाकडे द्यायची?

त्र्यंबकपंतांनीच नाव सुचवलं. मोरेश्वर. भटाचा मुलगा, हत्यार कसं धरतात हे ठाऊक नसलेला. ना थोरल्याचा, ना धाकट्याचा.

राजानं त्याला शेला दिला. मोरेश्वर कमरेला चावी लावून घरी आला तेव्हा भागीरथीनं त्याची दृष्ट काढली. अनंतभटाला काय वाटावं ते कळेना. मुलाकडे पाहून छाती भरून येत होती आणि जेवताना घास उतरत नव्हता. शेवटी तो राजाकडे गेला. "माझ्या मुलाला यातून सोडवा," म्हणाला.

राजा प्रेमानं हसला. "भटजी, त्याला कोण मारील? त्याच्याइतका सुरक्षित माणूस या गडावर दुसरा नाही."

पुढची काही वर्षं खरोखरच चांगली गेली. भाऊ एकमेकांना टाळत, पण रक्ताचा थेंब सांडला नाही. लांबलांबचे सरदार कोठी पाहायला येत आणि राजाच्या बुद्धीची तारीफ करत. ऐकून ऐकून अनंतभटालाही वाटू लागलं, की पोथीतली गोष्ट त्या जुन्या लोकांची; इथं तसं काही होणार नाही. मोरेश्वरचं लग्न ठरवायला तो दोन गावं हिंडूनही आला.

मग फाल्गुनात राजा तापानं अंथरुणाला खिळला. त्याला उतार पडावा म्हणून राण्यांनी अन्नदान बोललं. वाड्याच्या चौकात बायका सकाळपासून भात कांडत होत्या, उखळांचा आवाज गडभर घुमत होता. इतक्यात पश्चिमेच्या बुरुजावर शिंग वाजलं. खिंडीतून धुळीचा लोट उठला होता. केवढा मोठा! पहारेकरी ओरडत सुटले, "फौज आली! फौज!"

थोरला आपली माणसं घेऊन कोठीकडे धावला. धाकटाही धावला. राजाला ग्लानी होती, त्याला उठवून बसवलं तरी मान धरत नव्हती.

"दार उघड," थोरला म्हणाला.

"आधी माझ्या माणसांच्या हाती दे," धाकटा म्हणाला. "याच्या हाती तलवार गेली तर तो शत्रूकडे वळणार नाही, माझ्याकडे वळेल."

"महाराजांना येऊ द्या," मोरेश्वर म्हणाला. "मी शपथ घेतली आहे."

"महाराज उठत नाहीत! उघड!"

अनंतभट गडावरच्या देवळात होता. आरडाओरडा ऐकून तो ओल्या पंच्यानिशीच बाहेर आला. गर्दीपलीकडे, दाराला पाठ लावून उभा असलेला मुलगा त्याला दिसला. दोन्हीकडून हात त्याच्या कमरेकडे येत होते. मोरेश्वरनं क्षणभर एकीकडे पाहिलं, क्षणभर दुसरीकडे. मग चावी उपसली आणि सगळ्या जोरानं कड्यावरून खाली भिरकावली. त्याला वाटलं असेल, आता कोणालाच काही मिळणार नाही, म्हणजे कोणी कोणाला मारणार नाही. बापासारखाच भोळा.

तेवढ्यात कोणीतरी चौकातून मुसळ घेऊन आलं. शिसवी, टोकाला वसवी, म्हणजे लोखंडी कडं, बसवलेलं. त्या कांडणाऱ्या बायकांच्या हातातून एकेक मुसळ हिसकलं गेलं. पहिला घाव मोरेश्वरवर पडला. कोणी घातला ते आजवर कळलेलं नाही. थोरल्याचे म्हणाले धाकट्यांनी, धाकट्याचे म्हणाले थोरल्यांनी, आणि हे म्हणायलाही फार जण उरले नाहीत.

अनंतभट मुलापर्यंत पोचला तेव्हा त्याच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंची मुसळं फिरत होती. त्याला एकही लागलं नाही. तो मोरेश्वरचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला आणि सभोवती दोन्ही राजपुत्र आणि त्यांची माणसं, ज्यांना त्यानं मुंजीत मंत्र सांगितले होते, ती एकेक करून खाली पडत गेली.

दुपार कलल्यावर वेशीपाशी एक माणूस आला. वंजाऱ्यांच्या तांड्याचा नाईक होता. मिठाच्या गोण्या लादलेले त्याचे बैल खिंडीत तहानले होते. ती धूळ त्यांचीच. दोन्ही तळवे पुढं करून तो म्हणाला, "जनावरांना पाणी मिळेल का, मायबाप?" वेशीत कोणी नव्हतं. तो आत आला, चौकापर्यंत गेला आणि तसाच मागं फिरला.

त्या संध्याकाळी राजाचा ताप उतरला.

पुढच्या दिवसांत गावची माणसं अनंतभटाच्या घरी येऊन बसू लागली. ज्यांच्याकडे तो जायचा तीच माणसं. त्यांनी त्याचेच शब्द आणले होते. "नारायणाची इच्छा, भटजी." अनंतभट उठून परसात जायचा आणि ती जाईपर्यंत परत यायचा नाही.

एका सकाळी भागीरथीनं विचारलं, "त्याला सगळं आधीच ठाऊक असतं, असं तुम्हीच सांगत होतात ना?"

"हो."

"आपल्या मोरूचं ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी?"

तिनं त्या दिवसापासून देवापुढं दिवा लावला नाही. तो स्वतः लावायचा. का लावतो हे त्यालाही सांगता आलं नसतं. देव नाही असं त्याला एकदाही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं.

त्र्यंबकपंत काशीला म्हणून गेले ते गेलेच. गडावरची चाकरमाणसं पसार झाली. मग एक दिवस राजाच अनंतभटाच्या दारात येऊन उभा राहिला, पायी, एकटा.

"भटजी, मी विचार करतोय," तो म्हणाला. "मुसळं राहिली. मुसळंही कोठीत ठेवायला हवी होती."

"मग विळे राहिले असते, महाराज. विळे नेले असते तर दगड राहिले असते. दगड नेले असते तर हात होते."

राजा पायरीवर बसला. "सगळं त्याच्याच हातात होतं, तर मला बुद्धी कशाला दिली? राज्य कशाला दिलं?"

"मला ठाऊक नाही."

"तुम्ही जन्मभर त्याची पोथी सांगितलीत."

"पोथी सांगितली. तो मला काही सांगत नाही, महाराज."

राजा म्हणाला, "मला तो अध्याय परत ऐकायचा आहे. मागच्या वेळी मी ऐकला नाही. मी बोलत होतो."

दोघे म्हातारे गडावर आले. कोठीच्या दगडांवर अजून डाग होते. मागोमाग गावातली काही माणसं आली आणि लांब बसली. अनंतभटानं पोथी उघडली. गळा राहिला नव्हता. त्यानं नुसतं वाचलं. मुसळ जन्मलं, कीस झाला, लव्हाळी उगवली, कूळ संपलं. देवानं पाहिलं. मग देवही झाडाखाली पाय पसरून बसला आणि पारध्याच्या बाणाची वाट पाहू लागला. राजानं मधे एक शब्द काढला नाही.

अध्यायाच्या शेवटी फलश्रुती असते. जो हे ऐकेल त्याचा वंश वाढेल, त्याला पुत्रपौत्र लाभतील, राजाला जय मिळेल, अशा ओव्या. अनंतभटाचे डोळे त्या ओळींवर आले आणि थांबले. समोर बसलेल्या माणसाकडे त्यानं पाहिलं. मग पोथी मिटली आणि फडक्यात बांधली.

"संपलं?" राजानं विचारलं.

"संपलं."

राजा उठला. कोठीला नमस्कार केला की देवाला, ते बसलेल्यांना समजलं नाही. तो पलीकडच्या वाटेनं उतरला, आणि कुठं गेला, कसा मेला, याची गोष्ट कोणाकडेच नाही. वेशीवरची शिळा एका पावसाळ्यात निखळून दरीत गेली. अनंतभट मात्र दर फाल्गुनात, पाय चालत होते तोवर, वर येऊन तेवढा अध्याय वाचत राहिला. ऐकायला कोणी असो वा नसो.

आजही फाल्गुनात, मोरेश्वर पडला त्या तिथीला, पिंपळदऱ्याची माणसं गड चढतात. आरती होत नाही, नैवेद्य दाखवत नाहीत, नारळ फुटत नाही. कोणी एक जण अध्याय वाचतो आणि फलश्रुतीपाशी येऊन पोथी मिटतो. ऐकणारे थोडा वेळ तसेच बसून राहतात, पुढं काही सांगेल म्हणून. तो काही सांगत नाही. मग एकेक जण उठतो, आणि सगळे न बोलता गड उतरू लागतात.