गणंग

विषय : बियांना झोपवणारे संप्रेरक माणसाच्या मूलपेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून आयुष्यभर रक्त तयार होते त्या पेशींना, देऊन त्यांची वाढ करणे, रुग्णांवर प्रयोगास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची समक्ष भेट, चैत्र महिना, सकाळी अकरा.

"पण जे बीला झोपवतं, ते रक्ताला जागं कसं करतं?" उदासबाबांनी विचारलं.

डॉ. ऋतुपर्ण खांबेटे यांना हा प्रश्न हवाच होता. उत्तर त्यांनी गाडीत दोनदा घोळून ठेवलं होतं.

उदासबाबा पूर्वाश्रमी वनस्पतिशास्त्र शिकवत. संन्यास घेतला, घर सोडलं. परवानगी समिती मात्र सुटली नाही. नाव कमी करण्याचा कागद सात वर्षं टेबलं फिरत होता. म्हणून सही अजून त्यांचीच लागत होती.

"सर, बीमध्ये ते म्हणतं, थांब. रक्तात तेच म्हणतं, चल."

"दोन वेगळे शब्द?"

"शब्द एकच. ऐकणारा वेगळा."

"छान." बाबा खरोखर खूश झाले. "किती वाढल्या?"

"पंधरा दिवसांत चाळीसपट! फक्त सहीसाठी अडलंय, सर. माझ्या वॉर्डात सहा रोगी वाट बघताहेत."

"सगळ्यांनी 'चल' ऐकलं?"

"शेकडा दोन-तीन ढिम्म राहतात. त्या आम्ही धुऊन टाकतो."

"हं..."

बाबा उठले. आतून ओल्या फडक्यात बांधलेली मटकी आणली आणि परातीत सोडली. लांब, पांढरे, डौलदार मोड.

"उसळ करू. निवडशील?"

डॉक्टर मांडी घालून बसले. आईच्या हाताखाली वाढलेला माणूस. बोटं आपसूक चालू लागली. मऊ, फुगलेली मटकी एकीकडे. मध्येच टणक, भिजूनही न फुगलेला गणंग लागे. तो चिमटीत धरायचा आणि अंगणात भिरकावायचा. दाताखाली आला तर दात जातो, हे त्यांना शास्त्र शिकण्याआधीपासून ठाऊक होतं.

"झालं, सर. एकही गणंग राहिला नाही."

"शाबास. आता आषाढात पेरायला यातली मूठभर काढून ठेव."

डॉक्टर हसले. "मोड आलेली? तीन दिवसांत आंबेल ही."

"मग दुसरी दे."

"दुसरी कुठली? ...तुमच्या डब्यात असेल ना?"

"डब्यातली सगळी भिजवली. तू येणार म्हणून."

डॉक्टरांनी परातीकडे पाहिलं. मग अंगणाकडे. मग मांडीवरच्या फायलीकडे, जिच्या पहिल्याच पानावर चाळीसपट वाढीचा रंगीत फोटो होता.

पेरता येईल असं, अजून झोपलेलं बी आता फक्त अंगणात होतं.

"सर... त्या धुऊन टाकलेल्या..."

बाबा चूल पेटवत होते.

डॉक्टरांनी फाईल मिटली. अंगणात उतरले, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले आणि मातीत बोटं फिरवू लागले. मातीच्याच रंगाचे दाणे. एक सापडला. मग बराच वेळ काही नाही.

"सर, किती लागतील?"

आतून फोडणीचा आवाज आला.

"आधी हात चालव. शेजारणीच्या कोंबड्या आता सुटतात."

अर्ज सहीसाठी प्रलंबित आहे.