नव्या फरशीचे भाडे

एकदा एका इस्त्रीवाल्याची विधवा नगरीतल्या वृद्ध गुरुजींच्या दारात येऊन उभी राहिली. "शेठजी आज खोलीला कुलूप घालणार आहेत," एवढेच ती म्हणाली. गुरुजी शिष्याला घेऊन लगेच निघाले.

त्या नगरीत खोल्यांची भाडी नगरसभेने बांधून दिलेली होती. मालकाने नवे काम केले, तरच ती वाढवता येत. नवऱ्याच्या अस्थी नदीत सोडून ही बाई परतली, तेव्हा तिच्या खोलीच्या मालकाने, एका व्यापाऱ्याने, तिला ऐकवले होते की फरशी नवी बसवली आहे, भाडे आता दुप्पट. नवऱ्याची पितळी इस्त्री विकून तिने ते काही काळ भरले. आता विकायला काही उरले नव्हते.

व्यापारी कुलूप घेऊन दारातच उभा होता.

"बघा गुरुजी, कोरी करकरीत फरशी. हिला परवडत नसेल तर चौकात ऐसपैस जागा आहे. भाडंही नाही!"

"फरशी तीच आहे हो," बाई म्हणाली. "घासलीय, अन् सांध्यांत ताजा चुना भरलाय."

"तू होतीस का इथं तेव्हा? माझ्या गवंड्याला विचारू या."

शिष्याला नगरसभेचे सारे नियम पाठ होते. पण गवंडी कुणाच्या बाजूने बोलणार, हे त्यालाही दिसत होते.

गुरुजींनी कोपऱ्यातला भरलेला हंडा उचलला आणि फरशीवर ओतून दिला.

"अहो गुरुजी, पिण्याचं पाणी आहे ते!" शिष्य ओरडला.

"वय झालं, दुसरं काय," व्यापारी हसला.

"थांबा जरा," गुरुजी म्हणाले.

पाणी उताराने मोरीकडे गेले. फरशी निथळली. खिडकीखाली मात्र ते दोन जागी साचून राहिले, शेजारी शेजारी, पावलांएवढे.

"तिथंच उभे राहायचे," बाई हळूच म्हणाली. "इस्त्री करत. मी लग्न होऊन आले, त्याच्याही आधीपासून."

व्यापाऱ्याने वाकून पाण्यात बोट बुडवले. खळगा वर्षानुवर्षे झिजून गुळगुळीत झालेला होता. मग कुलूप खिशात टाकत म्हणाला, "जुनंच भाडं दे. जास्तीचं घेतलंय ते परत करतो."

हंडा पुन्हा भरायला गुरुजी आणि शिष्य आडावर गेले.

"तुम्हाला ठाऊक होतं, गुरुजी?"

"खात्री नव्हती. पण माणूस राहतो तिथं झीज राहते. दगड व्यापाऱ्याचा आहे, त्याचं भाडं त्यानं जरूर घ्यावं. त्या दगडावर एका माणसाचं उभं आयुष्य झिजलं, ते त्याच्या मालकीचं नाही. आणि तेच तो घासूनपुसून, नवं म्हणून, त्या माणसाच्याच बायकोला विकत होता."

दोघे परतले तेव्हा बाई फडक्याने फरशी पुसत होती. खिडकीपाशी तिचा हात थांबला. त्या दोन खळग्यांतले पाणी तिने तसेच राहू दिले.

शिष्याने आवाज न करता हंडा खाली ठेवला.